मदत हवी आहे: गावच्या ग्रोटोला तीर्थस्थानाची मान्यता

नमस्कार मंडळी. वसईकडच्या आमच्या धर्मग्रामातल्या (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या) पोरांनी श्रमदानातून लूर्दमातेचा, म्हणजे मरियामातेचा, ग्रोटो (गुहेसारखं प्रार्थनास्थळ) उभा केला. काळा दगड, मधे कोनाडा, पुढ्यात पत्र्याचा मेणबत्ती स्टँड. साधंच काम. पण ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनाला, आता आजूबाजूच्या गावांतूनही लोक चालत येऊ लागलेत.

फादर म्हणतात, गर्दी झाली म्हणून तीर्थस्थान होत नाही. कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) कलम १२३० प्रमाणे बिशपांची मान्यता लागते. 'राष्ट्रीय' म्हणवायचं तर बिशप परिषदेची, 'आंतरराष्ट्रीय'साठी थेट रोमची. आमची उडी तेवढी नाही! पण कलम १२३२ नुसार नियमावली हवी: उद्देश काय, रेक्टरचे (तीर्थस्थान सांभाळणाऱ्या फादरांचे) अधिकार कोणते, मालकी कोणाची, पैशाचा कारभार कसा. आमचं घोडं इथंच अडलंय. दानपेटी धर्मग्रामाची की वेगळी, यावर मीटिंगमध्ये रोज वाद. माझ्या मते हिशेब वेगळा ठेवावा, पण किल्ली फादर आणि कमिटी अशी दोघांकडे.

कुणाच्या गावी अशी नियमावली मराठीत केलीय का? मसुदा मिळेल का? हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेत स्वयंसेवक म्हणून काम केलेलं कुणी असेल तर रांग, पाणी, पार्किंग कसं सांभाळता तेही सांगा. आणि हो, वितळलेल्या मेणाचं काय करता? आमची फरशी पार निसरडी होते, म्हाताऱ्या माणसांची भीती वाटते.