जुन्या बाजारातला कपडा: कापा, उसवा, पण रंगवू नका?

उरेबपट्टी

चोर बाजारात शुक्रवारी पहाटे लागणारे ढीग, बोहारणींकडून फिरत आलेला माल, फॅशन स्ट्रीटवरचा एक्स्पोर्ट सरप्लस आणि आता इन्स्टाग्रामवरची थ्रिफ्ट दुकानं. मुंबईत जुना कपडा स्वस्तात मिळतो आणि तो उसवून मापात आणणं ही उत्तम विद्या आहे, यावर वाद नाही. वाद आहे तो प्रत्येक कपडा रंगात बुडवण्याच्या नव्या टूमेशी. माझं म्हणणं सरळ आहे: दहातले आठ जुने कपडे रंगवण्याच्या लायकीचे नसतात. कात्री आणि टीप एवढ्यावर काम भागतं.

रंग म्हणजे भिंतीवरचा चुना नव्हे, तो खालचं झाकत नाही. आधीच्या रंगात त्याची बेरीज होते. पिवळ्यावर निळा टाकलात की हिरवा येणार, हिरव्यावर लाल टाकलात की मातकट तपकिरी. खांद्यावर उन्हाने विटलेला पट्टा रंगवल्यावरही फिकाच दिसतो. काखेतल्या डिओडरंटच्या थरावर आणि तेलाच्या डागावर रंग नीट चढत नाही, त्यामुळे आधी जेमतेम दिसणारा डाग नंतर नजरेत भरतो.

दुसरं म्हणजे दोरा. शर्ट शंभर टक्के सुती असला तरी शिलाई बहुधा पॉलिस्टर दोऱ्याची असते. सुती रंग तिच्यावर बसत नाही. गडद निळ्या शर्टावर पांढऱ्या टिपांच्या रेघा आणि पांढरी काजं राहतात. डेनिमवर शोभेल, फॉर्मल शर्टावर नाही.

याउलट नुसती कापणी बघा. ४६ छातीचा पुरुषी शर्ट ३८ वर आणायचा आहे. बरेच जण बाजूच्या शिवणीतून चारही पाख्यांत (पुढच्या-मागच्या तुकड्यांत) २-२ इंच घेऊन मोकळे होतात. तीच शिवण बाहीखालून पुढे जात असल्याने बाहीचा घेरही ४ इंचांनी आवळतो, आणि खांदा मात्र तसाच लोंबत राहतो. बाही पूर्ण उसवा. खांदा दोन्हीकडून इंच-दीड इंच आत घ्या, मुंढा (बाही जोडायची खाच) नव्याने आखा, मग बाहीचा गोल (वरची वळणदार कड) कापा. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा अर्धा इंच जास्त ठेवा, त्याहून जास्त ठेवलात तर शर्टाच्या बाहीला चुण्या पडतात. रेडीमेड शर्टाला माया (शिवणीच्या आत सोडलेलं कापड) जेमतेम पाव इंच असते आणि ती दुमडून दोन टिपांत बंद केलेली असते. तेव्हा मोठ्याचा लहान करता येतो, लहानाचा मोठा करायचा तर बाजूला कळी (तिरपा जोडतुकडा) घालावी लागते.

हे सगळं रंगाच्या बादलीशिवाय होतं.

सोडा_ॲश

कापणीबद्दल पूर्ण सहमत, रंगाबद्दल पूर्ण असहमत. तुम्ही सांगितलेल्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या चुकीचा रंग आणि चुकीचा कपडा निवडल्याच्या आहेत.

आधी धागा ओळखा. सरप्लसच्या मालाचं लेबल कापलेलं असतं, म्हणून आतल्या मायेतून कापडाचाच (शिलाईचा नव्हे) धागा ओढून चिमट्यात धरून जाळा. कागदासारखा वास आणि बोटाने उडणारी मऊ राख आली तर सुती, लिनन किंवा रेयॉन. जळक्या केसांचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा तत्सम. राखेत कडक खडे सापडले तर मिश्रण. उभा आणि आडवा दोन्ही धागे जाळा, कधीकधी ताणा एक असतो आणि बाणा दुसरा.

सुती कपड्याला थंड पाण्यातला रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा. २५० ग्रॅमच्या कोरड्या शर्टाचा हिशोब असा: पाणी ५ लिटर. रंग मध्यम छटेला ५ ग्रॅम, गडदला १०, काळ्याला २० पर्यंत. मीठ २५० ग्रॅम, गडद छटेला ४००. सोडा ॲश १०० ग्रॅम. कपडा आधी गरम पाण्यात साबण आणि थोडा सोडा घालून धुवा, म्हणजे सॉफ्टनर आणि तेलकटपणा निघेल. धुतलेला कपडा ओलाच रंगात टाका. कोरडा टाकलात तर चट्टे ठरलेले. पहिली दहा मिनिटं नुसता रंग, मग मीठ तीन वेळा करून वीस मिनिटांत. सोडा वेगळ्या भांड्यात विरघळवून, कपडा बाजूला उचलून ओता. थेट कपड्यावर पडला की तिथे गडद डाग. पुढे तासभर हलवत राहा. पाणी कोमट, ४० अंशांच्या आत. मुंबईत हिवाळ्यातही वेगळं तापवावं लागत नाही, हा आपला फायदा.

खरी चूक होते ती यानंतर. आधी गार पाण्याने मीठ पूर्ण काढायचं, मग ८०-९० अंशांच्या साबणाच्या पाण्यात दहा-दहा मिनिटं दोनदा. मीठ आत असेल तर न बसलेला रंग सुटत नाही. तो पुढे प्रत्येक धुण्यात सुटतो आणि लोक म्हणतात, रंग कच्चा होता.

मॅचिंग सेंटरच्या बाजूला डब्यात उकळून अर्ध्या तासात रंगवून देतात, ते बहुधा डायरेक्ट रंगाचं काम असतं. तो मिठाच्या जोरावर नुसता चिकटलेला असतो. घाम आला की उतरतो. त्यावरून सगळ्या रंगकामाला नावं ठेवू नका.

कापडचोपड

सोडा ॲश म्हणजे किराणा दुकानातला धुण्याचा सोडाच ना?

सोडा_ॲश

रासायनिकदृष्ट्या तोच, पण स्फटिक असतील तर त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. १०० ग्रॅम कोरड्या सोडा ॲशऐवजी स्फटिकांचा सोडा सुमारे २७० ग्रॅम लागेल. खाण्याचा सोडा चालत नाही. खडेमीठही नको, त्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम सोड्याबरोबर पांढरा गाळ करतं. कोरडा सोडा आणि रंग मशीद बंदरला वडगादीत मिळतात. रंगाचा डबा घट्ट बंद ठेवा. मुंबईच्या दमट हवेत उघडी राहिलेली पूड मरते, म्हणजे दिसते तशीच, पण कपड्यावर फिकी बसते. पूड मोजताना मास्क हवाच, श्वासात गेली तर दम्यासारखा त्रास कायमचा लागू शकतो. ज्या भांड्यात रंग कराल ते परत स्वयंपाकात नाही. ॲल्युमिनियमचं तर मुळीच नाही, सोडा त्याला खातो.

परळची_माया

दोघेही एका मुद्द्याला बगल देताय: रंगवायचं कधी? माझ्या मते सगळं भांडण क्रमाचं आहे. शिवलेला कपडा रंगवला तर उरेबपट्टी म्हणतात तेच होणार. उसवून पाखे सुटे करा, ते रंगवा, मग मापाने कापा आणि जुळत्या दोऱ्याने शिवा. पांढऱ्या टिपेचा प्रश्न संपला. कापड जे काही आटायचं ते गरम धुण्यात आटून जातं आणि शिवलेला कपडा नंतर आखूड होत नाही. शिवणीच्या आत रंग न पोचल्याने राहणाऱ्या फिक्या रेषाही दिसत नाहीत.

कॉलर आणि कफ मात्र रंगात टाकू नका. आत चिकटवलेलं फ्यूजिंग (कडकपणासाठीचं अस्तर) असतं, ते ८०-९० अंशांच्या धुण्यात सुटतं आणि वर फुगे येतात. इस्त्रीने ते बसत नाहीत. सरळ नवी कॉलर करा, किंवा काढून टाकून गळ्याला उरेब (तिरप्या धाग्यात कापलेली) पट्टी लावा. बटणं आधीच काढा. नायलॉनची भलत्याच छटेत रंगतात, पॉलिस्टरची पांढरीच राहतात, शिंपल्याची निस्तेज होतात.

उरेबपट्टी

सुटे पाखे तासभर बादलीत हलवायचे म्हणजे कडा विसविशीत होणार. सैल विणीच्या कापडाचा बोटभर भाग सहज उसवतो, आणि रेडीमेडला माया आहेच कुठे? शिवाय आडवा-तिरपा ताणलेला पाखा वाळल्यावर उभ्या धाग्यात राहत नाही.

परळची_माया

म्हणून तर आधी कडेला ओव्हरलॉक मारायचं, आणि मुंढा-गळ्यासारख्या तिरप्या कडांच्या आत धावदोरा घालायचा. मोठ्याचा लहान करताना ती कड तशीही कापून जाणार आहे. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सपाट वाळवायचं. पावसाळ्यात पंख्याखाली. दोरीवर टांगलेलं ओलं कापड दिवसभर वाळत नाही, आणि धुणं अर्धवट झालं असेल तर सुटा रंग खालच्या कडेला उतरून बसतो.

एक कबूल करते: तुमचा कपडा फक्त लहान करायचा असेल तर रंगाची गरज नाही. पण दुमड उघडून लांबी वाढवायची असेल तर? जीन्सची किंवा जुन्या स्कर्टची दुमड सोडली की आतला भाग गडद, बाहेरचा विटका आणि मध्ये घासलेली पांढरी रेघ. ती रेघ कात्रीने जात नाही. एक तर वर पट्टी लावा, नाही तर गडद रंगात घाला. काळ्यात ती पूर्ण पुसत नाही, पण दोन हातांवरून कळत नाही.

नीळ_काळी

काळ्याआधी हायड्रोसने (रंग काढणाऱ्या पुडीने) जुना रंग उतरवून घ्या, मग आतबाहेर एकसारखं होईल. सोडा ॲश आणि हायड्रोस, ७० अंश, पंधरा-वीस मिनिटं.

उरेबपट्टी

हा सल्ला अर्धवट देऊ नका. हायड्रोसच्या वाफेने घसा धरतो, खिडकी नसलेल्या मोरीत हे करायचं काम नाही. ओल लागलेला हायड्रोस आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चेन आणि धातूची बटणं काळी पडतात. एवढं करून फिरोजीसारखे रंग त्याने नीट उतरत नाहीतच. ब्लीच हा त्यावरचा पर्याय नव्हे. रेशीम-लोकर ब्लीचमध्ये विरते, लायक्रा पिवळी पडून ताण सोडते. आणि ब्लीचचा अंश मारायला व्हिनेगर घालणाऱ्यांनी थांबावं, त्यातून क्लोरीन वायू निघतो. हायपो (सोडियम थायोसल्फेट) वापरतात त्यासाठी.

नळाचं_पाणी

पाण्याचा मुद्दा कुणीच काढला नाही. सोडा_ॲश यांच्या एका शर्टापायी पाव किलो मीठ, १०० ग्रॅम सोडा आणि न बसलेला रंग गटारात जातो. रिॲक्टिव्ह रंगाचा साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा कपड्यावर बसतच नाही. वर गरम धुण्याचं पाणी. पर्यावरणासाठी थ्रिफ्ट म्हणायचं आणि हे करायचं?

सोडा_ॲश

५ ग्रॅममधला एक-दीड ग्रॅम रंग. मीठ जास्त आहे, मान्य. दोन-तीन शर्ट एकाच छटेत एकाच बादलीत केलेत तर प्रत्येकी पाणी आणि मीठ कमी होतं. पण नव्या सुती टी-शर्टामागे २,७०० लिटर पाणी लागतं हा अंदाज तुम्हीच लोक सारखा देता ना?

नळाचं_पाणी

त्या आकड्यात शेतात पडलेलं पावसाचं पाणीही मोजलेलं आहे. आणि जुना कपडा नव्याच्या ऐवजी घेतला तरच ती बचत. ढिगातून पाच उचलले, दोन रंगवले, तीन कपाटात गेले, तर काय वाचलं?

सोडा_ॲश

हा मुद्दा पटला, पण तो खरेदीच्या हावेविरुद्ध आहे, रंगाविरुद्ध नाही. पाण्याचंच बोलायचं तर पालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणेचं, मृदू असतं, रंगाला उत्तम. टँकरचं किंवा बोअरवेलचं असेल तर रंग मळकट येतो. तिथे लिटरमागे अर्धा-एक ग्रॅम कॅलगॉन (पाणी मृदू करणारी पूड) टाका.

हिरडा_हिराकस

मीठ टाळायचं तर हिरडा आहे. कापडाच्या वजनाच्या २० टक्के हिरडा पूड गरम पाण्यात, कापड त्यात तासभर, पिळून वाळवायचं, मग कापडाच्या वजनाच्या २ टक्के हिराकस (लोहाचा क्षार) घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं. पिवळट डागांचा पांढरा सुती शर्ट राखाडी होतो आणि डाग त्यात मुरून जातात. हळदीच्या नादी लागू नका, उन्हात उडते.

उरेबपट्टी

हिराकस वाढला की सुती धागा कुजतो, हे सांगायचं राहिलं. आधीच झिजलेल्या कपड्यावर ५ टक्के टाकलात तर वर्षा-दोन वर्षांत दुमडीवर फाटेल. तरी तुमचा डागांचा मुद्दा मला रिॲक्टिव्हपेक्षा जास्त पटतो.

फॅन्सी_जॉर्जेट

पॉलिस्टर जॉर्जेटचा जुना अनारकली आहे, मोठ्या घेराचा. मरून करता येईल?

सोडा_ॲश

घरी नाही. पॉलिस्टरला डिस्पर्स रंग लागतो, तो कारखान्यात १३० अंशांवर दाबाखाली चढवतात. घरी उकळत्या पाण्यात फिकी छटा येते, मरून नाही. गडद करायला कॅरिअर (रंग धाग्यात शिरवणारं रसायन) घालतात, त्याची वाफ घरात नको. शिवाय उकळीत पडलेली चुणी पॉलिस्टरमध्ये कायमची बसते. टेरिकॉटही (पॉलिस्टर-सुती मिश्रण) असाच, त्यातला फक्त सुती भाग रंगतो आणि कापड ठिपकेदार फिकट दिसतं.

उरेबपट्टी

बघा, आलात माझ्या बाजूला. अनारकलीच्या कळ्या सुट्या करा. प्रत्येक कळी वरच्या टोकाला अरुंद असते, तिथून ५-६ इंच कापून टाका म्हणजे कमरेला पुरेल एवढी रुंदी येईल. सगळ्या कळ्या जोडून नेफा (नाडीची पट्टी) लावा, घागरा तयार. जोडल्यावर एक रात्र टांगून ठेवा आणि मगच खालची कड सरळ कापा, तिरपा धागा वजनाने खाली येतो. अकरा नंबरची सुई, बारीक टीप, कडेला पिको.

परळची_माया

आणि अस्तर मात्र मलमलचं, मरून रंगवून. जॉर्जेट पारदर्शक असेल तर वरचा रंग तसाही बदललेला दिसेल.