पुण्याजवळचे सुनसान रस्ते आणि सायकल : तुमचे अनुभव लिहा

जुनाट_कॅरिअर : सोसायटीने नोटीस लावली, पार्किंगमधल्या बेवारस सायकली रविवारपर्यंत हलवा नाहीतर भंगारात देऊ. खाली जाऊन बघतो तर बाबांची काळी २४ इंची फ्रेमची कोपऱ्यात तशीच, दोन्ही चाकं बसलेली, सीटवर मांजर झोपलंय. फडकं मारलं तर म्युनिसिपालिटीचा सायकल कराचा बिल्ला अजून तारेने बांधलेला आहे हो. तिथेच पायरीवर बसलो जरा.

१९९१ चा मे. दहावीची परीक्षा झालेली, मी आणि मामेभाऊ घरी सिंहगडला जातो सांगून निघालो आणि गेलो पौडकडे. पौडला उजवीकडे वळून कोळवण, हाडशी, तिकोना पेठ, पवनानगर, कामशेत असा बेत, नकाशा वगैरे काही नाही, भावाच्या वर्गातला एक मुलगा कोळवणचा होता तेवढीच माहिती. पौडनंतर दोन दूधवाले भेटले ते शेवटचे, मग नुसती आमची चेन वाजतेय. हाडशीच्या पुढच्या चढाला माझ्या पायडलची कॉटर, म्हणजे पायडलचा दांडा घट्ट धरणारी लोखंडी पाचर, निसटली. दगडाने ठोकली, परत निसटली, चार वेळा. शेवटी बैलगाडीवाले एक बाबा थांबले, काही बोलले नाहीत, गाडीतून एक खिळा काढला, वाकवून ठोकला आणि म्हणाले आता उतारावर पायडल मारू नका, चढाला मारा. (उलट नको का? अजून कळलेलं नाही.) कामशेतपर्यंत खिळा टिकला. येताना सायकली एसटीच्या टपावर.

बाबांना आठ दिवसांनी समजलं. ओरडले नाहीत. खिळ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "सिंहगडावर सुतार कधीपासून बसायला लागला?"

तर लिहा. रविवारची ताम्हिणी नको, तिथे आता सायकलपेक्षा कणसाच्या गाड्या जास्त. ज्या रस्त्यावर स्वतःची चेन ऐकू येते तसले सांगा.

पेठेतला_पंक्चर : बिल्ला!!! आणि दिवा नसला की पोलीस हवा सोडायचे ते विसरलात. डबलसीट पकडलं की मागचा उडी मारून पळायचा, मी कायम मागचा

जुनाट_कॅरिअर : म्हणजे पुढचा मी 😄

चढाला_चालते : पानशेत रस्त्याने खानापूरच्या पुढून पाबे घाट. मंगळवारी सुट्टी घेऊन एकटी गेले होते, रविवारी जाऊ नका. घाट छोटा आहे पण उभा आहे, माझं नाव बघा, चालतच गेले, लाज कसली. वर खिंडीत एका बाजूला तोरणा एका बाजूला राजगड, आणि आवाज म्हणाल तर फक्त माझाच श्वास. उतरून पाबे गावात पाराजवळ पाणी प्यायला थांबले तर एक आजी आल्या. सायकलला गोल फेरी मारली, टायर दाबून बघितला. "कितीची गं?" मी घाबरून निम्मी किंमत सांगितली. तरी त्या म्हणाल्या, "येवढं पैकं घेत्यात आन् साधं स्टँड देत न्हाईत?" मग "एकलीच आलीस व्हय, घरी भांडून?" नाही म्हटलं तर पटेना. शेवटी हो म्हटलं भांडून आले, तेव्हा कुठे चहा मिळाला आणि वर सासूला कसं गुंडाळायचं याचे दोन उपाय. एक लागू पडला आहे, इथे सांगत नाही कारण सासूबाई हे वाचतात

सुगरण_पण_आळशी : उपाय व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज

कान्हेफाटा : आमचं आंदर मावळ कुणीच घेत नाही ते बरंच आहे. कान्हे स्टेशनपासून टाकवे, मग वडेश्वरकडे, ठोकळवाडी धरणाचं पाणी डाव्या उजव्या हाताला दिसत राहतं. जुलैत भातलावणी चालू असते, पूर्वी इरली दिसायची आता प्लास्टिकचे कागद डोक्यावरून घेतात पण गाणी म्हणतात अजून. मी फोल्डिंगची सायकल लोकलने नेतो, डब्यात लोक विचारतात हे काय व्हीलचेअर का. एकदा धुक्यात समोर म्हैस बसलेली दिसलीच नाही, दोन हातांवर ब्रेक लागला. ती उठलीसुद्धा नाही, मीच सॉरी म्हणालो तिला

खवय्या_४११०३० : सायकलचं राहू द्या, कोळवणकडे खरा आंबेमोहोर कुणाकडे मिळतो? दुकानातल्या आंबेमोहोराला कसला वास नाही

सुगरण_पण_आळशी : +१. मावळातला इंद्रायणी आणते मी, गुरगुट्या भात एकदम मस्त होतो. नवा असेल तर पाणी कमी घाला नाहीतर खळ होते

खवय्या_४११०३० : कमी म्हणजे किती, वाटीला दोन?

गुडघा_नवा_आहे : नावं टाकू नका रे रस्त्यांची!! मी दहा वर्षांपूर्वी एका ग्रुपवर एका तलावाकाठच्या रस्त्याचे फोटो टाकले होते, फार शहाणपणा केला, दोन वर्षांत तिथे तंबू, स्पीकर, बाटल्या. माझ्यामुळेच असं नाही, पण टोचतं. त्यामुळे आता फक्त तालुका सांगतो. भोर.

पेठेतला_पंक्चर : भोरमध्ये कुठे

गुडघा_नवा_आहे : भोर.

पल्याडचा : धागा वाचतोय सकाळपासून, लिहू की नको करत होतो. माझं गाव मुळशी धरणाच्या मागे. हे सगळे शांत रस्ते शांत का आहेत कधी विचार केलाय का? पानशेत घ्या वरसगाव घ्या आमचं घ्या, रस्ता पाण्याच्या कडेकडेने वळसे घेत जातो आणि सह्याद्रीच्या धारेला टेकून संपतो, खाली कोकण. पुढे कुठे जातच नाही तर गाड्या येणार कशाला? चांगली जमीन पाण्याखाली, वर उरलो आम्ही. पणजोबा १९२१ च्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात सेनापती बापटांच्या मागे होते, आजी सांगायची. मुक्कामाची एसटी चुकली की चुकली. रात्री बहिणीला कळा सुरू झाल्या तेव्हा जीप मिळेपर्यंत दोन तास आम्ही पण स्वतःचा श्वासच ऐकत होतो. राग नाही हां, या जरूर, सायकलवाल्यांचा काही त्रास नाही. चहा आमच्याकडेच प्या फक्त, थर्मास आणू नका

चढाला_चालते : 🙏 बहीण बरी आहे ना?

पल्याडचा : भाची आता आठवीत आहे. शाळा ६ किमी, सायकलने जाते

जुनाट_कॅरिअर : हे वाचून गप्प झालो. पल्याडचा, पत्ता कळवा, चहाला येतो. थर्मास नाही.

सोल्युशन_ट्यूब : जरा कामाचं लिहितो कारण तिघांना रस्त्यातून उचलून आणलंय. रोड बाईकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असतो, प्रेस्टा म्हणतात, गावातल्या पंपाला तो बसत नाही. पितळेचं एक बोंडाएवढं ॲडाप्टर येतं ते खिशात टाका, पंक्चर काढून मिळेल पण हवा भरता येणार नाही अशी गंमत होते नाहीतर. सासवड सुप्याकडे जाणार असाल तर बाभळीचे काटे, रस्ता सोडून कडेला सायकल टेकवायची सुद्धा नाही. मयूरेश्वर अभयारण्याजवळ चिंकारा बघायला म्हणून सायकल गवतात घातली, चिंकारा दिसला, दोन्ही चाकं गेली. घमेल्यात पाणी घेऊन बुडबुडे मोजले तर सात.
कुत्री मागे लागली तर शर्यत लावू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत जा. त्यांची हद्द संपली की ती आपोआप परत फिरतात.

कान्हेफाटा : उतरा म्हणे. उतरायला थांबावं लागतं ना काका

भीमाकाठी : राजगुरुनगरहून चास, वाडा आणि मग भोरगिरी. रस्ता तिथे संपतो. चासकमान धरणाचं पाणी बराच वेळ सोबतीला असतं नंतर भीमा बारीक होत होत ओढ्याएवढी होते, हीच पंढरपूरला जाते यावर विश्वास बसत नाही. कोटेश्वराच्या देवळात पाठ टेकली होती, वर झाडात शेकरू, फळं कुरतडून माझ्या हेल्मेटमध्ये टाकत होतं, नेम चांगला होता. पुढे भीमाशंकरला पायवाट जाते, सायकल खांद्यावर घेऊन जायचा विचार केला होता, गावातल्या पोरांनी इतकं हसून घेतलं की परत फिरलो. नंतर बाकीचं लिहितो, कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितलंय

सुगरण_पण_आळशी : इंद्रायणी असेल तर तीन

पेठेतला_पंक्चर : मूळ प्रश्न राहिला, बाबांच्या सायकलचं काय केलंत? भंगार??

जुनाट_कॅरिअर : छे. कालच उतरवून घेतली, मांजराची समजूत काढून. क्रँक काढून बघितला, खिळा नाही, बाबांनी तेव्हाच बदलला असणार. टायर मात्र गेलेत, २८ बाय दीड इंची, इथे तीन दुकानं फिरलो, म्हणतात काका आता सातशेच्या मापाचे येतात. कुठे मिळतील?

पल्याडचा : आमच्याकडे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे टांगलेले असतात. सातशेचा मागितलात तर मिळणार नाही. येताना ट्यूब पण घेऊन जा, आणि कॉटर पण दोन घ्या

सोल्युशन_ट्यूब : कॉटर चारच घ्या