मदत हवी आहे : जपानच्या शाळेत शाकाहारी डबा

नमस्कार मंडळी,

मी नागानोमध्ये सहायक इंग्रजी शिक्षिका आहे, प्राथमिक शाळेत. सकाळी शिक्षकांच्या खोलीत छोटी बैठक, मग तिसरी-चौथीला गाणी आणि खेळ. पाचवी-सहावीला 2020 पासून इंग्रजी रीतसर विषय झालाय, तिथे पाठ्यपुस्तक. 45 मिनिटांचा तास भुर्रकन जातो. दुपारी मुलांबरोबर वर्ग झाडते, पुसते, तेही मनापासून आवडतं.

अडचण जेवणाची आहे. इथे सगळे वर्गातच जेवतात. पांढरे एप्रन आणि टोप्या घालून मुलंच वाढतात, शिक्षकांनाही तेच ताट. मला दूध-अंडं चालतं, मांस-मासे नाही. पण मिसो सूप काय, शिजवलेली भाजी काय, बहुतेक पदार्थांत सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी असतं. सध्या भात, दूध आणि फळावर भागवते. माझं उरलेलं ताट पाहून मुलं काळजीने विचारतात, बरं नाही का? शिक्षकांच्या खोलीत एकटीने जेवायचा पर्याय मला नको आहे, कारण मुलं सगळ्यात मोकळेपणाने बोलतात ती याच वेळी.

इथे शिकवणाऱ्यांपैकी कुणी घरचा डबा नेतं का? परवानगी आधी कुणाकडे मागितलीत, वर्गशिक्षकांकडे की उपमुख्याध्यापकांकडे? जेवणाचे महिन्याचे पैसे बंद करता आले का? आणि ताई-दादांनो, थंडीत गार खाल्लं तरी बरं लागेल, फोडणीचा वास वर्गभर पसरणार नाही, असं काय नेता तेही सांगा.