टाटा १२१० ला कमिन्स सिक्स बीटी टाकलंय, आता पावर स्टेअरिंग बसंल का? (लातूर)

टँकरवाला लातूर
नमस्कार मंडळी. आमच्याकडं १९८४ ची टाटा १२१० ट्रक आहे, बॉनेट बाहेर असलेली जुनी. वडिलांनी घेतलेली. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायलं होतं बघा, तवा हीच गाडी ६ हजार लिटरची टाकी घेऊन गल्लीबोळातनं रात्रंदिवस फिरली. जुनं ६९२ इंजिन पार बसलं तवा आम्ही त्यात कमिन्स कंपनीचं सिक्स बीटी इंजिन टाकलं, आरसी बुकात पण चढवून घेतलं. इंजिन लई भारी चालायलंय, ओढ अशी की विचारू नका, पण स्टेअरिंग तेच जुनं साधं. वडील आता ६७ चे हायेत, उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, टाकी भरलेली आसली आन गल्लीत गाडी वळवायची म्हणलं की दोन्ही हातानं लटकावं लागतंय. ड्रायव्हर ठेवू म्हणलं तर ऐकत नाहीत, गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही म्हणतेत. एक गॅरेजवाला म्हणला कारचं इलेक्ट्रिक स्टेअरिंग कॉलम बसवून देतो, स्वस्तात होईल. बसवू का? का हायड्रॉलिकच (तेलाच्या पंपावर चालणारं) करावं? स्टेअरिंगचा बॉक्स कोणत्या गाडीचा घ्यावा? कुणी केलं असलं तर सविस्तर सांगा.

जुना फिटर जालना
दादा आधी एक काम करा, पावर स्टेअरिंगचा विचार दोन दिवस बाजूला ठेवा. पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या, खाली घोड्या (टेकू) लावा, ड्रॅग लिंक (चाकाकडं जाणारा दांडा) ड्रॉप आर्मपासून (बॉक्सच्या शाफ्टवरचा हलणारा आर्म) सोडवा आन दोन्ही चाकं हातानं वळवून बघा. एका माणसाला सहज वळली पाहिजेत. मग स्टेअरिंग एकटं फिरवून बघा. म्हणजे जडपणा चाकात आहे का बॉक्समधी ते तिथंच कळतंय. ४० वर्षाच्या गाडीत किंगपिनचं (ज्या जाड पिनवर पुढचं चाक वळतंय ती) खालचं बेअरिंग कोरडं पडलेलं मी किती तरी वेळा बघितलंय, ग्रीस निप्पल मातीनं बुजलेलं असतंय, ग्रीस गन मारणाऱ्याला वाटतं गेलं आत, ते बाहेरच सांडतंय. असल्या ॲक्सलवर पावर बसवली तर गाडी वळंल हो, पण सगळा जोर टाय रॉडच्या (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) एंडवर आन ड्रॅग लिंकवर येईल, तिथं एखादा बॉल सुटला तर काय होईल ते तुम्हाला सांगायची गरज नाही. आणि हो, इंजिन टाकताना पुढं आणखी काय काय बदललं? टायर कोणता आहे?

टँकरवाला लातूर
काका टायर ९.०० होते, आता चारी बाजूला १०.०० चे हायेत, खराब रस्त्याला बरे म्हणून टाकले. रेडिएटर पण मोठा बसवला. हे ध्यानातच आलं नव्हतं.

जुना फिटर जालना
मग तिथंच अर्धं उत्तर हाय. टायर मोठा झाला की जाग्यावर वळवायला जोर जास्त लागणारच, वरून वजन वाढलेलं. हवा पण चेक करा, पुढं कमी हवा ठेवायची सवय असंल तर सोडा.

नांदेड डिझेल
कारचा इलेक्ट्रिक कॉलम अजिबात बसवू नका भाऊ. जीपवाले बसवतेत, त्यांचं चालतंय, कारण जीपचं पुढचं वजन ते किती. तुमच्या पुढच्या ॲक्सलवर काही टन असतेत. ती मोटर त्या जोरासाठी बनलेलीच नाही, ऐन वळणात बंद पडली तर हात मोडंल माणसाचा.

परभणी सडक
मी हेच काम आमच्या जुन्या ट्रकला केलंय म्हणून जरा लांबड लावतो, कारण माझ्या चुका तुम्ही करू नयेत.

सगळ्यात पहिली गोष्ट, दिशा. जुना बॉक्स काढायच्या आधी स्टेअरिंग उजवीकडं फिरवा आन बघा ड्रॉप आर्म पुढं जातोय का मागं, खडूनं खूण करा. नवीन बॉक्सचा आर्म पण त्याच दिशेला गेला पाहिजे. आम्ही जुन्या बाजारातनं एक बॉक्स आणला, दिसायला सारखा, बोल्टची जागा पण जवळपास जुळली, सगळं फिट केलं, पाईप जोडले, स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं आन चाकं गेली डावीकडं. दोन दिवसाची मेहनत वाया. नंतर कळलं तो बॉक्स दुसऱ्या मांडणीच्या गाडीचा होता.

दुसरं, ड्रॉप आर्म. नवीन बॉक्सच्या शाफ्टचे दाते वेगळे निघाले तर लेथवाला म्हणंल दोन आर्म कापून जोडून देतो. अजिबात ऐकू नका. ड्रॅग लिंक गरम करून वाकवायची पण नाही. त्या बॉक्सबरोबरचाच आर्म घ्या, आन त्याची लांबी जुन्या आर्मशी मोजून बघा, कारण लांब आर्म घेतला तर चाक बॉक्सचा आटा (फिरायची हद्द) संपायच्या आधीच ॲक्सलच्या स्टॉपर बोल्टला जाऊन टेकतंय, मग पंप फुल्ल प्रेशरवर किंचाळत राहतो, तेल तापतं, सील जातेत. ट्रकच्या बॉक्समधी त्यासाठी लिमिट व्हॉल्व्ह असतेत, चाक स्टॉपरला टेकायच्या जरा आधी प्रेशर सुटलं पाहिजे अशी सेटिंग करून घ्या.

तिसरं पंप. बॉक्सच्या पट्टीवर किती प्रेशर आन किती लिटर तेल लागतं ते लिहिलेलं असतंय, ट्रकच्या बॉक्सला साधारण १०० बारच्या वरच लागतं. कारचा छोटा पंप लावला तर रेस दिल्यावर हलकं आन आयडलला जड असं होतं, आन तुम्हाला गरज नेमकी गल्लीत आयडललाच आहे. तुमचं सिक्स बीटी ज्या गाडीतनं आलं तिला पावर असंल तर एअर कॉम्प्रेसरच्या मागं पंपाची जागा असू शकते, तिथं पत्र्याचं झाकण मारलेलं असतंय, ते आधी बघा. गिअरवरचा पंप मिळाला तर बेल्टचा ताप वाचतो.

जुना फिटर जालना
परभणीवाल्या भाऊनं बरोबर सांगितलं. माझ्याकडनं एकच भर, चासी. साध्या बॉक्सला माणसाच्या हाताचा जोर, पावरवाल्या बॉक्सला पंपाचा. जिथं बॉक्स बसतो तिथं चासीला आतनं जाड पट्टी लावा, हाय टेन्साईल बोल्टनं आवळा, चासीवर वेल्डिंग मारू नका, टाक्याच्या कडंनं चीर जाते. आन पहिल्यांदा तेल भरल्यावर पुढची चाकं उचललेली ठेवून, इंजिन बंद, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू १५-२० वेळा फिरवा, तेल कमी होईल तसं भरत जा. मग चालू करा. तेलाच्या टाकीत फेस दिसला की हवा आहे, थांबायचं, बसू द्यायचं.

टँकरवाला लातूर
चार दिवसांनी सांगायलोय. चाकं उचलून बघितली. उजवं वळलं, डावं मला आन माझ्या भावाला मिळून वळंना. किंगपिन काढला तर बेअरिंगच्या गोळ्या गंजून चिकटलेल्या, बुश अंडाकृती झालेले. दोन्ही बाजूचा सेट नवीन टाकला, टो-इन (पुढच्या चाकांची दिशा जुळवणं) करून घेतला. वडील काल औशापर्यंत जाऊन आले, रस्त्यावर निम्मं हलकं झालं म्हणाले. भरल्या टाकीवर जाग्यावर वळवायला मात्र अजून जडच हाय, म्हणून पावर बसवणारच. कॉम्प्रेसरच्या मागं झाकण निघालं, पंपाची जागा हाय! खडूची खूण पण करून ठेवली, उजवीकडं फिरवलं की आर्म मागं येतोय. तेलाची टाकी कुठं बसवू? एअर क्लीनरजवळ जागा हाय पण तिथनं टर्बोचा पाईप जातोय.

परभणी सडक
टर्बोजवळ नको. दुसऱ्या बाजूला, पंपापेक्षा उंच, म्हणजे तेल आपोआप पंपाकडं उतरंल. पंपाकडं जाणारा पाईप जाड आन आखूड ठेवा, फिल्टरवालीच टाकी घ्या. बॉक्स घ्यायला जाताना जुना आर्म सोबत न्या, तिथंच ठेवून मोजा.

टँकरवाला लातूर
नेतो. वडील पण येतो म्हणायलेत, बॉक्स स्वतः फिरवून बघितल्याबिगर पैसे देऊ नको म्हणाले.