मोर्चा : काढायचा, न्यायचा की लावायचा?

प्रश्न : आमच्या पोरांनी हिवाळी अधिवेशनासाठी पत्रक लिहिलं, 'विधानभवनावर मोर्चा लावू'. मी 'काढू' करा म्हटलं. चुकलं का माझं?

उत्तर : दादा, आजच्या वापरात तुमचंच बरोबर. पण पोरं नकळत जुन्या अर्थाजवळ गेली. फारसी 'मोर्चाल' म्हणजे किल्ल्याला वेढा घालताना खणलेला खंदक, तोफांची जागा. बखरींत म्हणूनच मोर्चे लावतात, बांधतात. 'मोर्चेबांधणी' त्यातलीच, आणि 'मोर्चा वळवणे'सुद्धा. हिंदीत जवान आजही मोर्च्यावर तैनात असतो. मराठीत मात्र या शब्दाला पाय फुटले. ठाण मांडून बसण्याचा अर्थ 'धरणे'कडे गेला आणि मोर्चा चालायला लागला.

मला हा फरक नुसता कोशातला वाटत नाही. १९२३ चा आपल्या नागपूरचा झेंडा सत्याग्रह बघा. सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा न्यायला बंदी होती. १ मेपासून रोज तुकडी निघायची, अटक व्हायची, दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, तेव्हा वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले. बाहेरच्या प्रांतांतून स्वयंसेवक येत राहिले. १८ ऑगस्टला झेंडा सिव्हिल लाइन्समधून गेला. निघत होती मिरवणूक, पण मागचं काम सगळं मोर्चेबांधणीचं होतं : पुढची तुकडी कुठली, पुढारी आत गेला तर त्याच्या जागी कोण. आज पोरांना पत्रकाआधी हे विचारा. परवानगीचा अर्ज आणि बॅनर यापलीकडे तयारी दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : आणि 'मोर्चा धडकला'?

उत्तर : हा मी लिहीत नाही. यशवंत स्टेडियमजवळ एकदा एक म्हातारी बाई फडक्यातली भाकर सोडून बसली होती. एका चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला. मांडीखाली निवेदनाची प्रत, घामानं ओली होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली. ती बोलायला आली होती, धडकायला नाही. आणि २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात गोवारी मोर्च्यातली ११४ माणसं चेंगराचेंगरीत गेली. त्यानंतर तरी ते क्रियापद जपूनच वापरावं. 'मोर्चा आला' लिहा, 'पोहोचला' लिहा.

बखरींत वेढा सोडला की 'मोर्चे उठवले' म्हणतात. तुमच्याकडे गावात कुणी 'मोर्चा उठला' असं बोलतं का? ऐकलं असेल तर वाक्यासकट सांगा.