नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमधून रोज कामाला जायचंय, कोणती होडी परवडेल?

दक्षिणकाठ
राम राम मंडळी. आमचं घर त्र्यंबक रोडच्या अंगाला, धरणाच्या दक्षिण काठावर. काम मात्र समोरच्या काठावर, द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये हिशेबाचं. सकाळी ओट्यावर चहा घेताना पॅकहाउसचा निळा पत्रा दिसतो, पण तिथे पोचायला सातपूरवरून वळसा घालून गंगापूर रोडला लागायचं. गाडीच्या मीटरवर एका बाजूचे २३ किलोमीटर. सातपूरच्या सिग्नलला शिफ्ट सुटायची वेळ सापडली की संपलंच. पाण्यावरून तेच अंतर जेमतेम दोन किलोमीटर.

एकटा माणूस, डबा आणि एक बॅग, एवढंच वजन. सव्वा लाखापर्यंत जाईन. एक जण जुनी फायबर होडी १५ हॉर्सपॉवरच्या इंजिनासकट द्यायला तयार आहे, म्हणतो चार मिनिटांत पलीकडे. घेऊ का?

(ऑफिसातला मित्र म्हणतो, मग थेट रामकुंडापर्यंतच ये की होडीने. त्याला वाटेतला सोमेश्वरचा धबधबा दाखवून आणणार आहे.)

जुना_नावाडी
भाऊ, ते १५ चं इंजिन घेऊ नको. मी बरीच वर्षं धरणांवर होड्या चालवल्या, त्यातून सांगतो.

चौदा फुटी होडी ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास गेली की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. त्यापुढे न्यायची तर ती पाण्यावर उचलावी लागते आणि तिथे पेट्रोल जातं. १५ चं इंजिन पूर्ण रेसवर तासाला पाच-साडेपाच लिटर पितं. अडीच हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक साधारण लिटरभर. दोन किलोमीटरला पंधरा मिनिटं धर, येऊन-जाऊन अर्धा लिटर. तुझी मोटरसायकल ४६ किलोमीटरला जवळपास लिटर खात असेल. म्हणजे पेट्रोलात बचत फार नाही, वेळेत आहे. हे आधीच समजून घे, नाहीतर नंतर चिडशील.

खरी गोष्ट इंजिनाची नाहीच, काठाची आहे. ऑक्टोबरात पाणी तुझ्या बांधाला लागलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये ते इतकं मागे सरतं की मधल्या गाळात पाय पिंढरीपर्यंत रुततो. तिथून होडी एकट्याने ओढता आली पाहिजे. १५ चं फोर-स्ट्रोक पन्नास किलोच्या आसपास भरतं, अडीचचं सतरा-अठरा. ते खांद्यावर टाकून घरी नेता येतं, चोरीची धास्ती नाही. मात्र आडवं ठेवताना कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच ठेवायचं. दुसऱ्या कुशीवर ठेवलं की तेल सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी दोरी ओढून ओढून हात दुखतात.

होडी अरुंद, लांब आणि हलकी बघ. पत्र्याची मिळाली तरी चालेल, पण पत्रा पाण्याने भरला की सरळ तळाला जातो. म्हणून फळीखाली घट्ट झाकणाचे रिकामे कॅन बांधून टाक. वल्ही कायम होडीतच.

आणि जाळी! थर्माकोलचा तुकडा किंवा पाण्याची बाटली तरंगताना दिसली की वळसा घाल. माझा पंखा एकदा जाळ्यात गुंतला आणि पिन तुटली. पिन पाच मिनिटांत बदलली. ज्याचं जाळं होतं त्याची समजूत काढायला अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून दोन जादा पिना आणि पक्कड डब्याच्या पिशवीत असते. इंजिन सुरू केलं की मागून पाण्याची बारीक धार पडतेय का तेही बघ. धार बंद म्हणजे गाळ ओढलाय, लगेच बंद कर.

बॅटरीवाला_सिडको
काका बरोबर बोलले, पण दोन किलोमीटरसाठी पेट्रोल हवंच कशाला? नाशिकचं पिण्याचं पाणी आहे ते. बारा व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर लावा. पूर्ण जोरावर ५० अँपिअर ओढते, होडी ताशी सहाने जाते. येऊन-जाऊन चाळीस मिनिटं, म्हणजे ३३-३४ अँपिअर-तास. १०० ची लिथियम बॅटरी घेतली तर निम्मीही उतरत नाही, आणि वजन बारा किलोच्या आसपास. घरातला इन्व्हर्टरचा ट्यूबलर डबा मात्र होडीत नेऊ नका. तो उचलायलाच दोन माणसं लागतात.

जुना_नावाडी
दादा, हिवाळ्यात तुमचं मान्य. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की तो याच्या कुशीवर येणार. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, थोडी पश्चिमेला धरून तिरकं जावं लागतं. तेवढा जोर त्या मोटरीत उरत नाही.

कागदपत्र_आधी
आधी जलसंपदा विभागाकडे लेखी विचारा. जलाशय त्यांचा आहे. इंजिन बसवलं की नोंदणीचा प्रश्न येतो, त्यासाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड. १९१७ चा जुना इनलँड व्हेसल्स कायदा (नदी-जलाशयातल्या होड्यांचा) जाऊन २०२१ चा आलाय, त्यामुळे गावातल्या कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि लाइफ जॅकेट सीटखाली नको, अंगात हवं.

दक्षिणकाठ
सगळ्यांचे आभार. १५ वाल्याला नाही म्हणून कळवलं, तो जरा फुगलाय. रविवारी एका मच्छीमाराच्या पत्र्याच्या होडीतून वल्हवत गेलो: जाताना ३५ मिनिटं, येताना वाऱ्यात ५०. हाताला दोन फोड. पण पलीकडच्या काठावरून पॅकहाउस चालत दहा मिनिटांवर आहे हे कळलं, म्हणजे तिकडे सायकल ठेवायची भानगड वाचली.

ठरवलंय असं: अर्ज आधी. परवानगी मिळाली तर बॅटरीवाली मोटर आणि दिवाळी ते मे होडी. पावसाळ्यात गप सातपूरमार्गे. आईला सांगितलं तर तिचा एकच सवाल, उन्हाळ्यात पाणी मागे गेलं की ती होडी ठेवणार कुठे, माझ्या गोठ्यात? मी अजून उत्तर दिलेलं नाही. गोठ्याची लांबी मोजली, साडेपंधरा फूट आहे.