करवतीला धार लावायची जुनी हत्यारं ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे सासरे सुतारकाम करायचे. त्यांच्या पेटीतल्या दोन करवती मला पुन्हा वापरात आणायच्या आहेत. रंधे, पटाश्या, गिरमिट ओळखता आलं. पण करवतींबरोबर गुंडाळून ठेवलेल्या तीन वस्तू काही उलगडत नाहीत. देवरुखात धार लावून देणाऱ्यांनी काम बंद केलंय आणि दुकानात गेलं की नवी करवत घ्या म्हणतात. या करवतींचं पातं वाकवून सोडलं की लगेच सरळ होतं. असं पोलाद टाकून देणं मला पटत नाही.

पहिली वस्तू पकडीसारखी. दांडे दाबले की तोंडात दोन खुंट्या पुढे सरकतात, समोर एक गोल चकती आहे आणि तिच्यावर ४ ते १२ आकडे कोरलेत. अंगावर 'एक्लिप्स' आणि ७७ असं दिसतं. दुसरी म्हणजे लाकडी मुठीची पोलादी पट्टी, कडेला कमी-जास्त रुंदीच्या खाचा. तिसरी, लाकडी ठोकळ्यात बसवलेली चपटी कानस. शिवाय दोन तिधारी कानशी आहेत, पण त्या गुळगुळीत झाल्यात.

कशानंतर काय वापरायचं? आणि एका करवतीचे दाते मुठीकडे झुकलेत, तिची रीत वेगळी असते का?

प्रतिसाद १

ताई, पूर्ण संच आहे तुमच्याकडे, जपून ठेवा.

ठोकळ्यातली कानस सगळ्यात आधी. दात्यांच्या टोकांवरून ती सरळ लांबीभर फिरवायची, म्हणजे सगळी टोकं एका उंचीवर येतात. प्रत्येक टोकावर छोटा चकचकीत ठिपका उमटला पाहिजे. एखाद्या दात्यावर उमटला नाही तर तो अजून बुटका आहे, पुन्हा फिरवा.

पहिल्या दोन्ही वस्तू दाते वाकवायच्या. एक दाता डावीकडे, पुढचा उजवीकडे, म्हणजे चीर पात्यापेक्षा किंचित रुंद पडते आणि करवत लाकडात अडकत नाही. खाचांची पट्टी जुन्या पद्धतीची. पात्याच्या जाडीची खाच दात्यावर बसवायची आणि हलकेच वाकवायचं. सगळे दाते सारखे वाकायला हात मुरलेला लागतो, म्हणून तुम्ही ७७ नंबरच वापरा. ते शेफिल्डच्या जेम्स नील कंपनीचं. त्यातली एक खुंटी पातं धरून ठेवते, दुसरी दाता चकतीच्या उतारावर ढकलते. चकतीवरचा आकडा म्हणजे इंचाला किती टोकं. आकडा वाढेल तसा दाता कमी वाकतो. फक्त वरचा अर्धा दाता वाकवा. मुळापासून वाकवलात तर तुटेल. पूर्वी जो दाता ज्या बाजूला झुकलेला होता, त्याच बाजूला झुकवा.

शेवटी तिधारी कानस. गुळगुळीत झालेल्या टाकून नव्या आणा, यात काटकसर नको. कानशीची एक बाजू दात्याच्या उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त असावी. पातं दोन फळ्यांमध्ये, दात्यांच्या अगदी जवळ आवळा, नाहीतर ते थरथरतं आणि कानस किंचाळते. पुढे ढकलतानाच दाब द्या, मागे आणताना उचला. एक खाच सोडून एक घासा, मग करवत उलटून उरलेल्या. ठिपका जेमतेम नाहीसा झाला की थांबा.

धागाकर्ती

खूप आभार दादा, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या करवतीला इंचाला ५ टोकं आहेत, लहानीला १०. दोन्ही सारख्याच घासायच्या का? दाते मुठीकडे झुकलेत ती लहान करवत.

प्रतिसाद २

मोठी बहुधा फळ्या उभ्या चिरायची. तिच्यावर कानस पात्याला काटकोनात धरा. लहान करवत आडवं कापायला वापरणार असाल तर कानस १५ ते २५ अंश तिरपी, म्हणजे दात्याच्या कडेला धार येऊन लाकडाच्या रेषा स्वच्छ कापल्या जातात.

मुठीकडे झुकलेले दाते म्हणजे ओढताना कापणारी करवत. आपल्याकडचे जुने सुतार अशाच वापरायचे. क्रम तोच, फक्त दात्याची खडी बाजू मुठीकडे ठेवा. चुकून पुढे वळवू नका.

सुरुवात मोठीवर करा, दाते स्पष्ट दिसतात. चकती आधी ५ वर लावा आणि सागाच्या तुकड्यावर चिरून बघा. चीर फार रुंद वाटली तर पुढच्या वेळी ६.